आत्याने सांगितलेलं नाव

त्या वर्षी आमच्या घरात मिक्सर आला आणि त्यावरून आई आणि आत्याचं बोलणं बंद झालं. मिक्सर आल्यावर पाटा-वरवंट्याने जागा उगाच अडते, असं आईला वाटलं. आत्या देवळात गेली होती तेवढ्यात आईने पाटा खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकला. आत्या परत आली, तिने स्वयंपाकघराच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि हातपाय धुऊन गप्प बसली. दुसऱ्या दिवसापासून ती आईशी माझ्यामार्फत बोलायला लागली. "तुझ्या आईक सांग, आज माका भूक नाय." आईही मग तशीच. "तुझ्या आत्याला विचार, चहा घेणार का?" दोघी एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर. मध्ये मी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, हातात पुस्तक घेऊन.

आमच्या घाटकोपरच्या वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत आत्या माझ्या जन्माच्याही आधीपासून राहत होती. ती बाबांची मोठी बहीण. बाबा तिला बाय म्हणायचे. तिचं लग्न कोकणातच झालं होतं, पण चारेक वर्षांतच नवरा दुसऱ्या एका बाईबरोबर राहायला लागला आणि आत्या ट्रंक घेऊन भावाकडे मुंबईला आली. बाबांनी तिला नंतर कधी एका शब्दाने काही विचारलं नाही. त्या माणसाचा विषय मात्र आमच्या घरात निघायचा नाही. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, आत्याचे मिस्टर कुठे असतात? बाबा जेवता जेवता ताटावरून उठले होते. मग मी परत कधी विचारलं नाही.

थंडीचे दिवस होते. गावचे एक काका मुंबईला आले होते आणि अंधेरीला त्यांच्या मुलीकडे उतरले होते. गावाहून कोणी आलं की ओळखीतल्या प्रत्येक घरासाठी काहीतरी घेऊन येणारच. आमची पिशवी घ्यायला आत्या निघाली. अंधेरीला ती नेहमी एकटीच बसने जायची. वाचता येत नसलं तरी बसचा नंबर तिला चित्रासारखा ओळखता यायचा. निघताना ती मला म्हणाली, जेवायला घरी येते, तुझ्या आईला तसं सांग. आई समोरच तांदूळ निवडत बसली होती.

जेवणाची वेळ झाली तरी आत्या आली नाही. बसली असेल गप्पा मारत, असं मला वाटलं. आईने तिचं ताट झाकून ठेवलं. दुपार कलायला लागली तशी आई गॅलरीत जाऊन उभी राहायला लागली. आत यायची, परत जायची. शेवटी तिने मला खालच्या वाण्याकडे फोन करायला पाठवलं. काकांच्या मुलीच्या शेजारी फोन होता. तो नंबर लागायला बराच वेळ गेला, मग काकांना बोलावून आणायला आणखी वेळ. काका म्हणाले, ती तर केव्हाच निघाली, दुपारच्या आतच. जेव म्हटलं तरी थांबली नाही.

मी वर येऊन हे सांगितलं तेव्हा आईचा चेहरा उतरलेला मला दिसला. तेवढ्यात बाबा कांजूरमार्गच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले. त्यांनी बूटही काढले नाहीत. मला म्हणाले, चल.

बाबांचा विचार सरळ होता. ती ज्या रस्त्याने येणार, त्याच रस्त्याने आपण उलटं जायचं. आम्ही अंधेरीच्या बसमध्ये बसलो आणि बाबा कंडक्टरला विचारत राहिले, आज या रस्त्यावर काही झालं का? त्या कंडक्टरची पाळी नुकतीच सुरू झाली होती, पण आपल्या आधीच्या माणसाकडून त्याने ऐकलं होतं, की दुपारी साकीनाक्याला कुणा बाईला धक्का लागला. आम्ही साकीनाक्याला उतरलो. स्टॉपच्या मागे एक शहाळीवाला बसला होता. बाबांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, हो, एक मावशी. बसमधून उतरून रस्ता ओलांडत होत्या, टेम्पोने उडवलं. एका रिक्षावाल्याने उचलून नेलं. कुठे नेलं ते त्याला माहीत नव्हतं. मग त्याने शहाळ्यांच्या ढिगामागून एक चप्पल काढली आणि आमच्यासमोर धरली.

ती आत्याचीच चप्पल होती. अंगठ्याचा पट्टा तुटल्यावर आमच्या नाक्यावरच्या चांभाराने त्याला तपकिरी ठिगळ लावलं होतं, बाकी चप्पल काळी. बाबांनी ती हातात घेतली आणि उलटी करून तळ बघितला. काय शोधत होते कोण जाणे. मी विचारलं, "मावशी बोलत होत्या का?" शहाळीवाला म्हणाला, "बोलत होत्या, पण काय ते मला नाही समजलं." तेवढ्यावर मला जरा धीर आला. आत्या मालवणीत बोलत असणार, म्हणजे ती शुद्धीवर होती.

यानंतरची संध्याकाळ माझ्या आठवणीत एका रांगेसारखी आहे. आधी पोलीस चौकी. तिथल्या हवालदाराने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, की रस्त्याची ती बाजू आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्या चौकीत सांगितलं, की अजून काही कळवलेलं नाही, इस्पितळातून कळेल. कुठल्या इस्पितळातून? ते कळल्यावर कळेल. वागायला तो माणूस वाईट नव्हता, त्याने आम्हाला बसायला बाक दिलं. पण बाबांना बसवत नव्हतं.

मग अंधेरीकडचं एक मोठं सरकारी इस्पितळ. चौकशीच्या खिडकीशी गर्दी होती. बाबांनी आत्याचं नाव सांगितलं. आतल्या माणसाने बोट फिरवत बघितलं आणि म्हणाला, या नावाचं कोणी नाही. बाबांनी पुन्हा सांगितलं, वय सांगितलं, नऊवारी लुगडं सांगितलं, चप्पल वर करून दाखवली. मागची माणसं ढकलायला लागली. नाही म्हणजे नाही, दुसरीकडे बघा, तो म्हणाला. आम्ही दुसरीकडे गेलो. तिथेही नाही. बाबा प्रत्येक ठिकाणी तेच नाव सांगत होते, आधी हळू, मग मोठ्याने, जणू खिडकीतल्या माणसाला ऐकू गेलं नसेल.

घाटकोपरच्या बाजूच्या एका इस्पितळात मात्र खिडकीतला माणूस थांबला. म्हणाला, एक बाई आहे, अपघाताचीच, नाव-गाव काही समजलेलं नाही, बोलत नाही. बघून घ्या. एक वॉर्डबॉय आम्हाला लांबलचक व्हरांड्यातून घेऊन गेला. बाबा पुढे, मी मागे. मी बाबांच्या हातातल्या चपलेकडे बघत चालत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायचा धीर नव्हता. पडद्यामागे कॉटवर एक बाई होती. डोक्याला पट्टी, डोळे मिटलेले, हिरव्या बांगड्या. वय आत्याएवढंच असेल. पण ती आत्या नव्हती.

मला हायसं वाटलं. आणि लगेच त्या बाईकडे बघून मला कसंतरी झालं. तिलाही कोणीतरी असंच खिडक्यांवर शोधत असेल. बाबांनी तिच्या पायावरून सरकलेली चादर नीट केली. वॉर्डबॉयला म्हणाले, "हिच्याकडे लक्ष ठेव रे." जणू ती त्यांच्याच ओळखीची होती.

आम्ही घरी परतलो तेव्हा आई दार उघडं ठेवूनच बसली होती. बाबांनी चप्पल दाराशी ठेवली आणि सगळं सांगितलं. आईने चप्पल उचलून ओल्या फडक्याने पुसली आणि आत नेऊन ठेवली. त्या रात्री कोणी जेवलं नाही.

सकाळी बाबा पुन्हा निघायच्या तयारीत होते. आईने चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "काल नाव काय सांगितलंत?"

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, की हा काय प्रश्न. "बायचं नाव. दुसरं काय सांगणार?"

"पूर्ण सांगा."

बाबांनी पूर्ण सांगितलं. आत्याचं नाव, मग माझ्या आजोबांचं, मग आमचं आडनाव. मीही तिचं हेच नाव ऐकत आले होते. रेशनच्या दुकानात, शेजारीपाजारी, सगळीकडे हेच.

"सासरचं विचारलंत का?" आई म्हणाली.

बाबांचा कप हातातच राहिला. त्यांचा आवाज चढला. ते नाव ती कशाला सांगेल? त्या माणसाने तिचे काय हाल केले, ते तुला माहीत नाही का? ते नाव या घरात कोणी घेतलेलं नाही.

आई शांतपणे म्हणाली, "तुम्ही घेतलं नाहीत. वन्संनी ते नाव टाकलं असं त्या कधी म्हणाल्या का?"

मग तिने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं आणि बाबांनाही नव्हतं. दरवर्षी वटपौर्णिमेला आत्याचं पोट बिघडायचं. ती दिवसभर जेवायची नाही, फक्त पाणी नाहीतर केळं. आम्ही म्हणायचो, हिला दर उन्हाळ्यात काहीतरी बाधतं. आईने पहिल्या एक-दोन वर्षांतच ओळखलं होतं. नवी नवरी म्हणून आई स्वतः वडाला जायची तेव्हा आत्या खिडकीत उभी राहून बघायची. आईने तिला कधी विचारलं नाही, आणि त्या दिवशी फराळाचं काहीतरी जास्तीचं करून तिच्या हाताला लागेल असं ठेवत गेली. इतकी वर्षं. अबोल्याच्या त्या महिन्यांतही आईने काही बोलून दाखवलं नव्हतं.

बाबांनी कप खाली ठेवला. मग आईला म्हणाले, "तू चल."

आम्ही तिघं निघालो. आधी अंधेरीकडचं तेच मोठं इस्पितळ गाठलं, कारण साकीनाक्याहून रिक्षा तिकडेच गेली असण्याची शक्यता जास्त, असं आईचं म्हणणं. खिडकीशी गेल्यावर बाबा मागे राहिले. त्यांना ते नाव उच्चारायचंच नव्हतं. आई पुढे झाली, पदर खांद्यावरून घेतला आणि खणखणीत आवाजात आत्याचं सासरचं पूर्ण नाव सांगितलं. मी ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. वाटलं, आपण कोणा परक्या बाईला शोधतोय.

खिडकीतला माणूस आज दुसरा होता. त्याने मान वर केली. "आहेत ना. पाय मोडलाय. वरच्या मजल्यावर, बायकांचा वॉर्ड. कालपासून कोणीच कसं आलं नाही तुमचं?"

आई जिन्याकडे पळत सुटली. माझी आई, जी वसाहतीच्या आवारातसुद्धा कधी भरभर चालायची नाही, ती निऱ्या हातात धरून दोन-दोन पायऱ्या चढत होती. मी तिच्या मागे. बाबा आमच्याही मागे, त्यांच्या हातात पुन्हा ती चप्पल. घरातून निघताना त्यांनी ती कधी उचलली ते मला कळलंच नाही.

वॉर्डात शिरल्याबरोबर वास आला. औषधांच्या वासावर मात करून सुक्या मासळीचा ठसठशीत वास. आणि मग आत्याचा आवाज. ती एका आयाला समजावत होती, की पिशवी बाहेर ठेवायची नाही, तिच्यात सोडे आहेत, मांजर नेईल. आया म्हणत होती, की सगळ्या पेशंट कुरकुर करताहेत. शेजारच्या कॉटवरची एक बाई म्हणाली, "राहू दे गं, मला तर घरची आठवण येते."

आत्या खिडकीजवळच्या कॉटवर होती. डावा पाय प्लास्टरमध्ये, खाली दोन उशा. कपाळावर खरचटलेलं, ओठ सुजलेला. केस कोणीतरी वर बांधून दिले होते. आई कॉटपाशी जाऊन थांबली. धाप लागली होती तिला. आत्याने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती मला म्हणेल, तुझ्या आईला सांग.

"वन्सं," आई म्हणाली, "फार दुखतंय का?"

"आता नाय," आत्या म्हणाली.

मग आई तिच्या पायाशी कॉटवर बसली आणि रडायला लागली. आत्या तिला थोपटत होती, प्लास्टरमधल्या पायामुळे हात नीट पोचत नव्हता तरी. बाबा आले, बहिणीकडे बघून उभे राहिले. त्यांनी चप्पल पुढे केली. आत्याने ती घेतली आणि उशीखालून दुसरी काढली. कोणी चोरू नये म्हणून तिने एकच चप्पल उशीखाली ठेवली होती. आम्ही सगळेच हसायला लागलो. बाबा हसता हसता डोळे पुसत होते आणि आत्या म्हणत होती, हसतास कित्याक, चपला काय फुकट येतत?

मग तिने सगळी हकीकत सांगितली. बस मध्येच बंद पडली आणि कंडक्टरने सगळ्यांना उतरवलं. दुसरा स्टॉप समोरच्या बाजूला आहे असं वाटून ती रस्ता ओलांडत होती. टेम्पो तिला दिसलाच नाही. रिक्षावाला तरणा पोरगा होता, वाटभर मावशी, मावशी, झोपू नका, असं म्हणत होता. इस्पितळात त्यानेच तिला उचलून आत नेलं आणि प्लास्टर होईपर्यंत बाहेर थांबला. त्याचं नाव विचारायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. पत्ता तिने बरोबर सांगितला होता, घाटकोपर, वसाहत, इमारत, सगळं. पोलिसांमार्फत निरोप जाईल, असं तिला सांगितलं होतं. (तो निरोप घेऊन एक शिपाई त्यानंतर दोन दिवसांनी आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा आई आत्यासाठी डबा भरत होती. आईने त्याला बसवून चहा पाजला.)

आणि नाव? नर्सने विचारलं होतं, नवऱ्याचं नाव काय? आत्याने आयुष्यात नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलेलं नव्हतं. तिच्या पिढीतल्या बायका घ्यायच्याच नाहीत. नर्स म्हणाली, आजी, लवकर सांगा, मागे पेशंट आहेत. "मग घेतलंय," आत्या म्हणाली. "खोटा कसा सांगतलंय? पाय मोडलेलो, देव बघता." हे सांगताना ती बाबांकडे बघत नव्हती. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

त्या दुपारी आम्ही इस्पितळाच्या कँटीनमध्ये बसलो. आदल्या दिवसापासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. बाबांनी बटाटेवडे मागवले, ते संपल्यावर परत मागवले, आणि पावासकट खात सुटले. आई म्हणाली, सावकाश. बाबा म्हणाले, झकास झालेत गं, तू पण घे. तसले तेलकट, गार वडे मी नंतर कधी इतक्या आनंदाने खाल्ले नाहीत. बाहेर ऊन पडलं होतं, झाडाखाली कोणाचे कोण नातेवाईक डबे उघडून बसले होते, आणि मला त्या सगळ्यांशी बोलावंसं वाटत होतं. निघायच्या आधी मी अंधेरीच्या काकांना फोन केला. ते एवढ्या मोठ्याने "देवा महाराजा" म्हणाले की फोन कानापासून लांब धरावा लागला.

घरी जाताना बाबांनी मध्येच एक वळण घेतलं. घाटकोपरच्या त्या इस्पितळात जाऊन त्यांनी आदल्या दिवशीच्या बाईची चौकशी केली. तिचा मुलगा सकाळी आला होता. ती आता डोळे उघडत होती. बाबा मान हलवत बाहेर आले तेव्हा त्यांची चाल हलकी झाली होती.

आत्या घरी आली ती एका टॅक्सीत, पाय मागच्या सीटवर लांब करून. वसाहतीतल्या माणसांनी तिला खुर्चीसकट वर चढवलं. पुढचे कित्येक आठवडे आईने तिची वेणी घातली, तिला अंघोळ घातली, आणि दोघी तिखटमिठावरून आता सरळ एकमेकींशी भांडायला लागल्या. माझी मधली नोकरी सुटली. भेटायला येणाऱ्या बायकांना आत्या अपघाताची गोष्ट सांगायची. दर वेळी टेम्पो थोडा मोठा व्हायचा. शेवटी शेवटी तो ट्रक झाला होता.

एका संध्याकाळी ती गॅलरीत खुर्चीवर बसली होती, पाय स्टुलावर. बाबा कामावरून येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मी दारातच होते. बाबांनी विचारलं, "बाय, तो परत यावा असं तुला वाटत होतं काय गो?"

आत्याने डोकं हलवलं. "नाय रे. येऊक नको. त्याका मी कधीच सोडलंय."

"मग उपास?"

"तो माझो. नाव पण माझाच. मी त्या घरात चार वरसां राबलंय, सासऱ्याचा सगळा केलंय. ता कित्याक टाकू?" ती थांबली. मग म्हणाली, "तू रागावशीत म्हणान बोललंय नाय."

बाबा खाली रस्त्याकडे बघत होते. आपण बहिणीसाठी काय काय ठरवून टाकलं होतं, ते त्यांना बहुधा त्या वेळी दिसत असावं. त्यांनी तिला विचारलं, चहा घेणार का. ती हो म्हणाली. आई बाजारात गेली होती, म्हणून बाबा स्वतः उठले. माझ्या आठवणीत त्यांनी चहा केल्याचा तो एकमेव प्रसंग. आतून डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. आत्या खुर्चीतूनच त्यांना सांगत होती, साखर वरच्या फळीवर, चहाची पूड निळ्या डब्यात, आणि आलं किसायचं, ठेचायचं नाही.